सेवकाच्या बडतर्फीचा अधिकार

पदवीपरीक्षेचे निकाल लागून नोकरीवर रुजू होण्यास किंवा पुढील अभ्यासक्रमास प्रारंभ होण्यास काही महिन्यांचा अवकाश उरला, म्हणजे जे तरुण पूर्वी गडकिल्ल्यांच्या वाटा धुंडाळीत किंवा आजोळी जाऊन आमराईत लोळत, त्यांच्यापैकी काही सुखवस्तू घरांतील तरुण आता नेपाळ, कंबोडिया, केनिया, टांझानिया अशा देशांत चार-सहा आठवडे सेवाकार्यासाठी जाण्याचे बेत आखू लागले आहेत. आणि त्यांच्या सदिच्छेची सोय लावणाऱ्या मध्यस्थ संस्थाही, प्रवासी कंपन्यांच्या धाटणीने आठवड्याचा दर आणि महिन्याची सवलत जाहीर करून, अनाथालय, प्राथमिक शाळा, खेड्यातील दवाखाना यांपैकी मनाला येईल ते क्षेत्र निवडण्याची मुभा त्यांना देत आहेत. या तरुणांचा उपहास करणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो करण्यात पुरुषार्थ नाही. पगाराच्या आकड्यापलीकडे आजच्या पिढीची दृष्टी जात नाही असे आपण एका तोंडाने म्हणावे, आणि परक्या मुलखातील अनोळखी माणसाच्या दुःखाची दखल घ्यावीशी वाटणाऱ्या मुलाला दुसऱ्या तोंडाने भाबडा ठरवावे, हा न्याय नव्हे.

परंतु सदिच्छा ही सेवेची सुरुवात असली, तरी तिचा दाखला नव्हे. कोणत्याही कचेरीत, गिरणीत किंवा रुग्णालयात काम करणारा मनुष्य आपल्या कामाबद्दल कोणाला तरी जाब देतो. त्याची नेमणूक होते, हजेरी लागते, चुकल्यास ताकीद मिळते, आणि ताकिदीनेही भागले नाही तर त्याला घरी पाठवले जाते. या व्यवस्थेत माणसाच्या अभिमानाला थोडीशी इजा होते खरी, पण ज्यांच्यासाठी ते काम चालते त्यांचे रक्षणही तीच करते. स्वयंसेवक मात्र, आपण काही घेत नाही, उलट पदरचे खर्च करतो, एवढ्या बळावर या साऱ्या बंधनांतून आपोआप मोकळा होतो. आणि तो ज्या देशात गेला आहे तो देश गरीब असेल, तर त्याच्या कामात खोट काढणे हे यजमानांना कृतघ्नपणाचे वाटू लागते. म्हणून परदेशी सेवेला निघालेल्याची परीक्षा त्याच्या हेतूवरून, त्यागावरून किंवा उत्साहावरून करण्यापेक्षा एकाच प्रश्नाने करावी असे आम्हांस वाटते: तो जेथे चालला आहे तेथील लोकांना, वेळ आली तर, त्याला बडतर्फ करता येईल काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्र विशेष पात्र आहे. कारण सेवक पाठविणे आणि सेवक स्वीकारणे, हे दोन्ही अनुभव त्याच्या गाठी आहेत.

पाठविण्याच्या अनुभवाचे नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या या डॉक्टरांची कथा १९४६ साली व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने घरोघरी नेली. पण चित्रपटाच्या स्वभावानुसार तीत त्याग आणि मृत्यू हे उजळून निघाले, आणि त्या कार्यामागची व्यवस्था, जी आमच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे, ती अंधारात राहिली. १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन करून निधी उभारला. आणि अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस अशा पाच जणांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून आगबोटीने निघाले. म्हणजे या प्रवासाचा पहिला कागद निमंत्रणाचा होता, आणि त्यावर सही साहाय्य मागणाऱ्याची होती. दुःखी कोण, त्याला हवे काय आणि ते कोणी द्यावे, हे तिन्ही मुद्दे देणाऱ्याने आपल्या घरी बसून ठरविले नव्हते.

चीनमध्ये पोहोचल्यावरही हे पथक स्वतंत्र संस्थान थाटून बसले नाही. ते प्रथम तेथील रेड क्रॉसच्या व्यवस्थेखाली गेले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचल्यावर आठव्या मार्ग सेनेच्या वैद्यकीय खात्यात दाखल झाले. कोणी कोठे जावे, कोणत्या रुग्णालयात काम करावे, आघाडीवर केव्हा निघावे, हे खाते ठरवी. इतर सहकारी यथाकाल स्वदेशी परतले. कोटणीस मात्र, वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही, राहिले, चिनी भाषा बोलू-लिहू लागले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, आणि कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून, जे नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले, त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे १९४१ च्या जानेवारीत प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

या चरित्रातील हुद्द्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कोटणीस प्रमुख झाले ते चीनमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ इतरांच्या हुकमाखाली राबल्यानंतर, आणि तो हुद्दा त्यांना चिनी सेनेने दिला. ज्या अधिकाराने तिने तो दिला, त्याच अधिकाराने ती तो काढूनही घेऊ शकत होती. भारतातून त्यांच्याबरोबर औषधे गेली होती, पैसा गेला होता, राष्ट्रीय सभेचे नाव गेले होते. पण यांपैकी कशानेही त्यांना आज्ञा करण्याचा परवाना मिळाला नाही. ते पथक राजकीयदृष्ट्या तटस्थ नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. एका पारतंत्र्यातील राष्ट्राने आक्रमणाखाली सापडलेल्या दुसऱ्या राष्ट्राशी जाहीर केलेले ते सख्य होते. तथापि सख्य असो वा करुणा असो, तिचा अंमल तेथील माणसांच्या हाती सोपविण्यात आला होता, आणि कोटणीसांचे स्मारक आज चीनमधील शीच्याच्वांग शहरात उभे आहे याचे रहस्य आम्हांस त्यांच्या बलिदानाइतकेच या आज्ञाधारकपणातही दिसते.

आता स्वीकारण्याचा अनुभव. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी मार्च १९६१ मध्ये स्थापन केलेल्या 'पीस कोअर' या संघटनेचे स्वयंसेवक त्याच वर्षाअखेरीस भारतात येऊ लागले आणि १९७६ पर्यंत येथे काम करीत राहिले. शीतयुद्धाच्या त्या काळात या संघटनेमागे मुत्सद्देगिरी नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्या नियमांत दोन गोष्टी चांगल्या होत्या. यजमान सरकारने मागणी केल्याशिवाय ती कोणत्याही देशात जात नसे. आणि स्वयंसेवकाची मुदत, प्रशिक्षणाचे सुमारे तीन महिने धरून, सव्वादोन वर्षांची असे. या नियमांखाली १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातील लिलियन कार्टर नावाची एक विधवा परिचारिका, वयाच्या ६८ व्या वर्षी, मराठीचे प्राथमिक धडे घेऊन मुंबईजवळच्या विक्रोळीस आली. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या पुत्राची माता म्हणून तिचे नाव आज सांगितले जाते. पण विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत ती आली तेव्हा तो पुत्र आपल्या राज्याच्या राजकारणातच धडपडत होता, आणि या बाईंना तेथे कुटुंबनियोजनाचे व दवाखान्याचे काम भारतीय डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे लागे. वयाने, अनुभवाने आणि वर्णामुळे तेव्हा आपोआप लाभणाऱ्या प्रतिष्ठेनेही त्या ज्येष्ठ असतील. दवाखान्यात मात्र त्या मदतनीस होत्या. असा पाहुणा घरात वावरला तर यजमानाचा संकोच लवकर सुटतो.

या दोन उदाहरणांच्या उजेडात आजच्या, आठवड्याच्या दराने विकल्या जाणाऱ्या सेवेकडे पाहिले, म्हणजे तिच्यातील मूळ दोष मुदतीत नसून जमाखर्चात आहे हे ध्यानात येते. तरुणाने फी भरली की तो गिऱ्हाईक होतो. आणि गिऱ्हाइकाला बडतर्फ करणारा दुकानदार अद्याप जन्मास यावयाचा आहे. शाळेतील शिक्षकाला कळते की, हा परदेशी पाहुणा मुलांना गाणी शिकवण्यात गणिताचा तास घालवतो आहे, आणि महिन्यापूर्वी आलेल्या पाहुण्यानेही हीच गाणी शिकवली होती; पण शाळेचा वार्षिक खर्च ज्या रकमेतून निघतो तिचा काही अंश या पाहुण्याच्या फीतून आलेला असल्यामुळे, तो हसून टाळ्या वाजवतो. पाहुणा ते हसू कृतज्ञतेचे समजून परततो, आणि पुढच्या वर्षी आणखी चार मित्र पाठवतो.

शाळेत वाया जातो तो एक तास. अनाथालयात याच जमाखर्चाने बालपणे वाया जातात. नेपाळात १९९६ ते २००६ या कालखंडात चाललेल्या यादवी युद्धाच्या दिवसांत, हुमला यांसारख्या दुर्गम पहाडी जिल्ह्यांतील आईबापांना दलाल भेटत. मुलांना राजधानीत शिकवू, माओवाद्यांच्या भरतीपासून वाचवू, असे आश्वासन देऊन त्यांच्याकडून मोठ्या रकमा घेत. आणि काठमांडूत आणलेल्या त्या मुलांचे, आईबाप मेल्याचे खोटे दस्तऐवज तयार करून, त्यांना अनाथ म्हणून परदेशी दात्यांपुढे उभे करीत. युद्ध थांबले तरी हा व्यवहार थांबला नाही, कारण तोवर त्याला परदेशी स्वयंसेवकांची नियमित आवक सुरू झाली होती. नेपाळच्या बालगृहांतील सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, किमान एक जण तरी, हयात असल्याचा युनिसेफचा अंदाज वारंवार उद्धृत झाला आहे. आणि ही बालगृहे जेथे दारिद्र्य सर्वाधिक तेथे नसून, जेथे पर्यटक सर्वाधिक त्या काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात आणि चितवनाच्या आसपास दाटलेली आहेत, ही गोष्ट त्याहून बोलकी आहे. कंबोडियाची कथाही याच वळणाची आहे. अनाथांची मागणी वाढली म्हणून अनाथ निर्माण झाले, इतक्या स्पष्ट शब्दांत हा व्यवहार मांडणे कठोर वाटेल, पण तो तसाच आहे.

अशा घरी चार आठवडे राहून मुलांना जेवू घालणाऱ्या, त्यांच्याशी खेळणाऱ्या तरुणाच्या मनात कपट नसते. तो निघताना मूल रडते, तोही रडतो, आणि त्या अश्रूंना तो आपल्या सेवेची पावती समजतो. वस्तुतः दर महिन्याला एका माणसाचा लळा लागून दर महिन्याला तो तुटत असल्यामुळे त्या मुलाचे मन हळूहळू निबर होत जाते. जी मुले त्याला काढून टाकू शकत नाहीत, ज्यांचे आईबाप दूर डोंगरात आहेत आणि ज्यांच्या बालगृहाचा चालक त्याच्या फीवर जगतो, त्यांच्यापुढे हा तरुण अनियंत्रित सत्ताधीश असतो. आणि आपण सत्ताधीश आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते. आपल्याकडील एखाद्या नोंदणीकृत बालगृहात कोणी अनोळखी परदेशी मनुष्य येऊन, पोलिसांचा चारित्र्यदाखला न देता, चार आठवडे मुलांना आंघोळी घालू लागला, तर जिल्ह्याची बालकल्याण समिती त्याला काय विचारील याचा आपण क्षणभर विचार करावा. जे आपल्या मुलांच्या बाबतीत आपण चालू देणार नाही, ते काठमांडूत जाऊन आपण करावे, ही कोणती सेवा? ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील या स्वयंसेवेपासून मुलांना असलेल्या धोक्याची नोंद केली. आपल्या देशातून जाणाऱ्यांची संख्या आज लहान असेल. म्हणूनच बंधन घालून घेण्याची वेळ हीच आहे.

नकार देण्याचा अधिकार वापरला गेल्यावर काय होते, हेही नेपाळनेच दाखविले आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर अनेक देशांची शोधपथके, त्यांत आपलीही, तेथे धावली. आणि दहा दिवसांच्या आतच नेपाळ सरकारने, जिवंत माणसे सापडण्याचा काळ सरला असून आता मलबा हटवण्याचे काम आम्ही करू, असे सांगून परदेशी पथकांना परतण्याची विनंती केली. त्याच सुमारास पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबविण्यात आली. काहींना त्या वेळी हा अभिमान अवेळी वाटला. आम्हांस तो राज्याच्या अस्तित्वाचा पुरावा वाटतो. कारण संकटात सापडलेल्याने 'पुरे' म्हटल्यावर जो थांबतो, त्याचेच आधीचे साहाय्य शुद्ध होते हे सिद्ध होते.

येथे इव्हान इलिच यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि मेक्सिकोत कुएर्नावाका येथे केंद्र चालवणाऱ्या या धर्मगुरूने १९६८ मध्ये, मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेस निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढेच, त्यांनी तेथे जाऊ नये असे निक्षून सांगितले. पाहण्यास आणि शिकण्यास त्यांनी खुशाल यावे, मदतीस मात्र येऊ नये, आणि गरिबांतच काम करण्याचा हट्ट असेल तर जे गरीब त्यांना तोंडावर हाकलून लावू शकतील अशांत, म्हणजे आपल्याच देशात, करावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आमच्या विवेचनाचे मूळ या विचारात आहे हे आम्ही मोकळेपणाने सांगतो; पण त्यांचा निष्कर्ष आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. तो मान्य केला तर कोटणीसांनाही मुंबईच्या धक्क्यावरून माघारी फिरवावे लागेल. हाकलण्याचा अधिकार हा देशाच्या सीमेवर अवलंबून नसतो; तो करारनाम्याने, भाषेने आणि मुदतीने निर्माण करता येतो. उलट, स्वदेशात असूनही तो निर्माण न केल्यास सेवक परकाच राहतो, हे जाणूनच १९७३ मध्ये हेमलकशाला गेलेल्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील आदिवासींची माडिया भाषा शिकून घेतली. कारण ज्या रोग्याला आपल्या भाषेत 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला अर्थ नसतो.

यावर असे म्हटले जाईल की, इतक्या अटी घातल्या तर कोणीच जाणार नाही, आणि या सहवासातून तरुणांना जे शिक्षण मिळते त्याला ते मुकतील. शिक्षण मिळते हे खरे. परंतु शिकणाऱ्याने विद्यार्थी म्हणून जावे, शिकवणाऱ्या खेड्याला त्याचा मोबदला द्यावा, आणि परतल्यावर आपण सेवा करून आलो असे न म्हणता शिकून आलो असे म्हणावे. वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षातील जो विद्यार्थी पुण्याच्या ससून रुग्णालयात टाका घालू शकत नाही, त्याने तो परदेशातील खेडुताच्या जखमेवर घालून पाहणे याला शिक्षण म्हणण्याची आमची तयारी नाही. अटींमुळे संख्या घटेल हा आक्षेपही अनुभवास धरून नाही. ब्रिटनच्या व्ही.एस.ओ. या संस्थेने १९५८ मध्ये शाळा नुकतीच संपविलेली मुले पाठवून आरंभ केला. पुढे तिने पदवीधर आणि त्यानंतर अनुभवी व्यावसायिक पाठविण्याचे धोरण स्वीकारले, आणि तरीही ती टिकली. संयुक्त राष्ट्रांच्या १९७० मधील निर्णयाने सुरू झालेल्या स्वयंसेवक योजनेत नेमणुकीआधी कामाचे स्वरूप, मुदत आणि वरिष्ठ निश्चित होतात. जाण्याचे सन्मान्य मार्ग आहेत. ते फक्त सुट्टीच्या मापाने बेतलेले नाहीत.

म्हणून जे तरुण आज निघण्याच्या बेतात आहेत, त्यांच्या पालकांना आणि महाविद्यालयांना आमचे सांगणे थोडके आहे. महाविद्यालयांनी अशा सहलींना समाजसेवेचे गुण देऊ नयेत. पालकांनी माहितीपत्रकातील छायाचित्रांऐवजी पत्रव्यवहार पाहावा: मागणी तेथून आली आहे काय, हे काम तेथील एखादा बेकार शिक्षक किंवा गवंडी पगारावर करू शकणार नाही काय, आपल्या मुलाला तेथील भाषा किती येते, बिनपगारी कामालाही त्या देशाचा परवाना लागतो काय, आणि तो काढला आहे काय, मुलांच्या वसतिगृहाशी संबंध येत असेल तर तो बेत तत्काळ रद्द केला आहे काय. आणि सर्वांत शेवटी, त्या देशातील नागरिक असलेल्या, नाव व हुद्दा असलेल्या एखाद्या वरिष्ठाच्या सहीचे असे पत्र हाती आहे काय, ज्यात काम पसंत न पडल्यास कोणतेही कारण न देता व फी परत न करता घरी पाठविण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे राखून ठेवला आहे? असे पत्र मिळाले तर तरुणाने निःशंक मनाने निघावे आणि ज्या दिवशी तो अधिकार वापरला जाईल त्या दिवशी तक्रार न करता सामान बांधावे. पत्र मिळत नसेल तर नेपाळ तरीही सुंदर आहे, केनियाची अरण्येही. त्याने पर्यटक म्हणून जावे, वाटाड्याला ठरलेली मजुरी द्यावी, खाणावळीचे बिल घासाघीस न करता चुकते करावे. तेवढ्यानेही त्या देशाचे, फी भरून केलेल्या सेवेपेक्षा, अधिक कल्याण होईल.